घरातली चिलटं: नागपूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सारं नागपूर ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत रस्त्यावर येतं, नेमक्या त्याच दिवसांत घराघरांत चिलटांचा भर असतो. इडापिडा घेऊन जाणारा मारबतीचा पुतळा चिलटं नेईल तेवढी नेईल. उरलेल्यांसाठी हे पान. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, कारण एकाचं उत्तर बऱ्याचदा दुसऱ्यात दडलेलं असतं.

१. काल एकही नव्हतं, आज सकाळी पन्नास! चिलटं आपोआप तयार होतात का?

नाही. आज दिसलेल्या पन्नासांची अंडी आठ-दहा दिवसांपूर्वीच घातली गेली होती. फळांवरच्या चिलटाचं अंडं जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं असतं. साधारण एका दिवसात त्यातून अळी निघते, चार-पाच दिवस खाते, मग तितकेच दिवस कोषात राहते. २५ अंशांच्या आसपास हा सगळा फेरा दहा दिवसांत पुरा होतो, थोडी जास्त ऊब असेल तर त्याहून लवकर. एक मादी आयुष्यात काहीशे अंडी घालते. म्हणून उडणाऱ्यांच्या मागे टाळ्या वाजवत फिरू नका, ती जिथे जन्मतात ती ओली जागा शोधा. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं त्या शोधाबद्दलच आहेत.

२. सगळी चिलटं सारखीच दिसतात. कोणती कुठली, कसं ओळखायचं?

आधी ती कुठे बसतात ते पाहा, मग रूप. एक पकडून पांढऱ्या कागदावर ठेवा आणि मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघा.

पिवळसर-तपकिरी, गुबगुबीत, बहुधा लाल डोळ्यांचं, फळांवर नाहीतर ओल्या कचऱ्यावर घिरट्या घालणारं असेल तर ते फळांचं चिलट. प्रश्न ३ ते ६ त्याच्यासाठी.

काळं, सडपातळ, लांब पायांचं, डासाचं पिल्लू वाटावं असं, कुंडीला पाणी घातलं की मातीवरून उठणारं आणि लॅपटॉपच्या पडद्यावर येऊन बसणारं असेल तर ते कुंडीतलं चिलट. प्रश्न ७ ते १० पाहा.

बाथरूमच्या टाइल्सवर बदामाच्या आकाराचा राखाडी ठिपका दिसतो, हात लावला की पूड लागते, धड उडताही येत नाही? ती मोरीची माशी. प्रश्न ११ ते १३.

फारसं उडत नाही, ओट्यावरून तुरुतुरु वाकडंतिकडं पळतं आणि पाठीला कुबड आहे, असं असेल तर थेट प्रश्न २० वर जा. आसपासच्या गावांत या सगळ्यांना सरसकट ‘मुरकुटं’ म्हणतात. बोलायला ते ठीक, उपाय मात्र प्रत्येकाचा वेगळा.

३. संत्र्याची पेटी घरात आली की चिलटं येतातच. पेटी घ्यायचीच नाही का?

घ्या, फक्त पेटीतच ठेवू नका. नागपुरी संत्र्याची साल ढिली असते. वाहतुकीत दाबलं गेलेलं फळ वरून चांगलं दिसतं, पण देठापाशी नाहीतर दाबल्या जागी आतून मऊ पडलेलं असतं. चिलटाला तेवढी फट पुरते. अखंड, टणक सालीत त्याला फारसं काही करता येत नाही. म्हणजे पेटीतल्या शंभरांपैकी तीन-चार फळांचाच प्रश्न असतो.

पेटी आली त्याच दिवशी अंगणात किंवा गॅलरीत रिकामी करा. तळाचं गवत किंवा कागद घरात आणू नका. प्रत्येक फळाच्या देठाशी अंगठ्याने हलकेच दाबा. अंगठा रुतला, ओल लागली किंवा पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर ते फळ बाजूला. चांगली फळं धुऊन, कापडाने कोरडी पुसून टोपलीत एकाच थरात पसरा. ओली ठेवलीत तर बुरशीला आमंत्रण. एका आठवड्यात खाऊन संपतील तेवढीच बाहेर ठेवा, बाकी फ्रिजमध्ये. तिथल्या थंडीत अंडी-अळ्यांची वाढ थांबते. नंतर रोज एक नजर टाका. एक फळ सुटलं की त्याच्या रसाने शेजारची दोन बिघडतात.

आंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात येतात, मृग बहाराची फेब्रुवारीनंतर. त्रास पहिल्या खेपेला जास्त, कारण पावसाळ्यात वाढलेली चिलटं तेव्हा घरात तयारच असतात. आणि सालींचं विसरू नका. टीव्हीसमोर बसून सोललेल्या साली रात्रभर ताटलीत राहिल्या की वरची सगळी मेहनत वाया.

४. पेरू कापला तर आत पांढऱ्या अळ्या. याच चिलटांच्या का?

नाही. त्या फळमाशीच्या. ती घरमाशीएवढी असते आणि झाडावरच्या फळातच अंडी घालते. ते फळ पिशवीत बंद करून टाका. घरातल्या चिलटांशी तिचा संबंध नाही.

५. व्हिनेगरचा सापळा लावला, एकही अडकलं नाही. काय चुकलं?

बहुतेक वेळा व्हिनेगरच चुकतं. चायनीजसाठी आणलेलं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर नुसतंच आंबट असतं, त्याला आंबलेल्या फळाचा वास नसतो. सफरचंदाचं व्हिनेगर चालतं. ते नसेल तर अर्धं अतिपिकलेलं केळं कुस्करून त्यात चमचाभर गूळ आणि अर्धी वाटी कोमट पाणी घाला, एक दिवस झाकून ठेवा आणि मग वापरा. ब्रेडचं यीस्ट असेल तर चिमूटभर घातल्याने वास लवकर येतो.

काचेच्या ग्लासात हे दोन-तीन सेंटिमीटर भरा. भांडी घासायच्या लिक्विडचे दोनच थेंब टाका. त्याने पाण्यावरचा ताण मोडतो आणि चिलट तरंगण्याऐवजी बुडतं. जास्त टाकलंत तर लिंबाच्या सेंटचा वास आंबूस वासावर मात करतो आणि चिलटं फिरकत नाहीत. ग्लासावर कागदाचा शंकू बसवा, टोकाला पेन्सिल जाईल एवढं भोक ठेवा. सापळा फळांच्या टोपलीपासून हातभर अंतरावर ठेवा, पंख्याच्या झोतात नको. दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर तोच सापळा चिलटांचं पाळणाघर होतो.

टोपलीत सुटलेलं केळं असताना सापळा भरतही नाही आणि चिलटं कमीही होत नाहीत. खरं फळ समोर असताना ती नकलीकडे कशाला जातील?

६. घरात एकही फळ नाही, तरी स्वयंपाकघरात चिलटं. कुठे शोधू?

या क्रमाने पाहा. आलू-कांद्याची टोपली पूर्ण उलटी करा, तळाशी एक पाणी सुटलेला आलू सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. मग फ्रिजच्या मागे, काँप्रेसरवरचा पाण्याचा ट्रे. मग ओल्या कचऱ्याचा डबा: आत पिशवी असते म्हणून तो धुतला जात नाही आणि पिशवीखाली दोन चमचे काळं पाणी साचलेलं असतं. मग सिंकशेजारचा ओला पोछा, भांडी घासायची घासणी, मिक्सरच्या बैठकीची खाच, गॅसच्या शेगडीखाली सांडून वाळलेला रस, भंगारात द्यायच्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या. भाजीच्या पिशवीत विसरलेली सांबाराची (कोथिंबिरीची) जुडीही पुरते.

इडली-डोशाचं पीठ आंबताना चिलटं झाकणाभोवती जमतात. ती वासाने आलेली पाहुणी आहेत, जन्म तिथला नाही. भांड्यावर सैल झाकणाऐवजी सुती फडकं ताणून बांधा.

हे सगळं कोरडं निघालं तर सिंकखाली वाका. बेसिनचा घड्यांचा पांढरा पाइप भिंतीतल्या मोठ्या पाइपात नुसता खुपसलेला असतो आणि भोवती बोटभर फट असते. तिथून चिलटंही येतात, झुरळंही. त्या जागी रबरी रिंग बसवून घ्या आणि पाइपला खाली एक वळसा द्या, म्हणजे त्यात पाणी थांबून हवा अडते.

७. कुंड्यांमधली चिलटं जातच नाहीत. माती बदलू का?

लगेच नको. या चिलटाच्या अळ्या मातीच्या वरच्या पाच सेंटिमीटरमध्ये राहतात आणि मुख्यतः बुरशी आणि कुजणारा पाला खातात. वरचा थर कोरडा पडला की त्या मरतात. खरा उपाय पाण्याची शिस्त. बोटाची दोन पेरं मातीत खुपसा. आत ओल लागली तर आज पाणी नाही, मग कालच घातलेलं असो की परवा.

आपल्याकडे अडचण काळ्या मातीची. ती वरून तडकते आणि आत चिकट ओल धरून बसते. त्यात कोकोपीट आणि गांडूळखत भरपूर मिसळलं की कुंडी म्हणजे चिलटांचं वसतिगृह. गॅलरीतल्या कुंड्यांच्या मिश्रणात एक तृतीयांश तरी जाड वाळू किंवा विटेचा चुरा घाला. गांडूळखत वर पसरू नका, दोन-तीन इंच खाली मिसळा.

अळ्या आहेत की नाहीत हे पाहायला आलूची सेंटिमीटरभर जाड चकती मातीवर दाबून ठेवा. दोन दिवसांनी उलटा. काळ्या डोक्याच्या, काचेसारख्या पारदर्शक बारीक अळ्या चिकटलेल्या दिसल्या तर निदान पक्कं. उडणाऱ्यांसाठी पिवळे चिकट सापळे कृषी सेवा केंद्रात मिळतात. ते मातीलगत, आडवे लावा. फांदीला उंच टांगलेला सापळा शोभेचा.

८. मातीत औषध घालायचंच असेल तर कोणतं आणि किती?

तीन पर्याय आहेत. पहिला, कडुनिंबाचं तेल: एक लिटर कोमट पाण्यात आधी १ मिली लिक्विड साबण ढवळा, मग ५ मिली तेल. उलट केलंत तर तेल वर तरंगतं आणि शेवटच्या कुंडीला सगळं एकदम मिळतं. संध्याकाळी घाला, दर सात दिवसांनी, तीन-चार वेळा.

दुसरा, हायड्रोजन पेरॉक्साइड. इथे हिशोब चुकतो. इंटरनेटवरचं ‘एकास चार’ हे प्रमाण ३ टक्क्यांच्या बाटलीचं आहे. आपल्या मेडिकलमध्ये बहुधा ६ टक्क्यांची, ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेली बाटली मिळते. तिच्या एका भागाला नऊ भाग पाणी घ्या. मातीत फेस येतो, अळ्या मरतात, पण परिणाम त्या दिवसापुरताच.

तिसरा आणि आमच्या मते सर्वांत चांगला, बीटीआय, म्हणजे डासांच्या अळ्यांसाठी वापरतात ते जिवाणूंचं औषध. लेबलवरच्या प्रमाणात पाण्यात मिसळून कुंडीला नेहमीच्या पाण्यासारखं द्या. अंडी आणि कोषांवर ते चालत नाही, म्हणून दर आठवड्याला महिनाभर. दालचिनीची पूड आणि हळदीवर वेळ घालवू नका.

९. तांदूळ धुतलेलं पाणी, ताक, चहाचा चोथा झाडांना चांगला म्हणतात. त्यानेच चिलटं होतात का?

हो, बऱ्याचदा. पिष्ट आणि दुधाचा अंश मातीवर पडला की दोन दिवसांत पांढरी बुरशी धरते, आणि तेच या अळ्यांचं जेवण. अंगणातल्या झाडाला खुशाल घाला. घरातल्या आणि गॅलरीतल्या कुंड्यांना बंद करा. चहाचा चोथा घालायचाच असेल तर साखर-दूध धुऊन, कडक उन्हात वाळवून, मातीत मिसळून.

१०. तुळशीला रोज पाणी घालावंच लागतं. माती कोरडी कशी ठेवू?

रोज घाला, पण तांब्याभर नको, छोट्या फुलपात्राने अर्धं. तेही खोडाशी न ओतता कुंडीच्या कडेने. वृंदावनाच्या तळाचं भोक उघडं आहे ना ते तारेने टोचून पाहा. सिमेंटच्या वृंदावनात ते मुळांनी नाहीतर रंगाने बुजलेलं असतं. वाहिलेली फुलं, अक्षता आणि दुधाचे थेंब संध्याकाळी उचला. निम्मी चिलटं त्या निर्माल्यावरच पोसलेली असतात. पावसाच्या झडीत पळीभर पाणी पुरे.

११. बाथरूमच्या भिंतीवरच्या त्या राखाडी माशा कुठून येतात?

नानी ट्रॅपमधून, म्हणजे न्हाणीच्या जाळीखाली पाणी थांबतं त्या भांड्यातून. साबण, केस आणि अंगाचा मळ मिळून पाइपच्या आतल्या कडेला बुळबुळीत थर धरतो, अळ्या त्या थरात राहतात. खात्री करायला रात्री जाळी कोरडी पुसा आणि पारदर्शक टेपच्या दोन-तीन पट्ट्या चिकट बाजू खाली करून लावा, मधे हवेला जागा ठेवा. सकाळी टेपवर माशा दिसल्या तर जागा तीच. बेसिन, न्हाणी, वॉशिंग मशीनचं आउटलेट, सगळीकडे एकेक रात्र करा.

मग सफाई. जाळी काढा, खालची वाटी उचला. तिच्या आतल्या बाजूचा काळा थर पाहिलात की माशांचं मूळ वेगळं सांगायला नको. वाटी, कडा आणि पाइपच्या आत हात पोहोचेल तितकं लांब दांड्याच्या ब्रशने घासा, केस आकड्याने ओढून काढा. मग बादलीभर गरम पाणी. उकळतं नको, पीव्हीसीचा पाइप आणि त्याचे सांधे त्याने मऊ पडतात. हात लावता न येण्याइतकं गरम पुरे. आठवड्याने पुन्हा घासा. आत राहिलेल्या कोषांतून दोन आठवडे थोड्या माशा निघत राहतील, त्या हाताने टिपा.

१२. इतकं घासण्यापेक्षा ब्लीच किंवा अ‍ॅसिड ओतलं तर?

ते थरावरून सरसर निघून जातं. अळ्या बुळबुळीच्या आत सुरक्षित राहतात. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा फेस बघायला छान, थर खरवडण्याची ताकद त्यात नाही. आणि ब्लीचवर अ‍ॅसिड कधीही ओतू नका, आधीचं धुऊन गेलंय असं वाटलं तरी नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

१३. वरच्या मजल्यावरचं बाथरूम कुणी वापरत नाही, तरी तिथेच जास्त माशा. असं कसं?

वापरत नाही म्हणूनच. ट्रॅपमध्ये थांबलेलं पाणी हेच गटाराच्या तोंडावरचं झाकण. एप्रिल-मेच्या आपल्या कोरड्या उन्हात ते उडून जातं आणि वाट मोकळी होते. आठवड्याला दोन मग पाणी ओता. महिनाभर गावाला जाणार असाल तर त्यावर दोन चमचे गोडतेल टाका, म्हणजे पाणी उडायला वेळ लागतो.

१४. कूलरच्या टाकीत लाल अळ्या दिसल्या. डेंग्यूच्या डासाच्या का?

लाल, दोऱ्यासारख्या, तळच्या गाळात वळवळणाऱ्या असतील तर त्या न चावणाऱ्या एका डाससदृश किड्याच्या. डासाच्या अळ्या भुरकट असतात, पाण्याच्या पृष्ठभागाशी उलट्या लटकतात आणि हात हलवला की खाली सुरकांडी मारतात. पण दोन्हींचा अर्थ एकच: टाकी आठवडाभर साफ झालेली नाही. नुसतं पाणी बदलून भागत नाही, डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात. पाणी काढा, भिंती घासा, तासभर उन्हात कोरडी होऊ द्या, मग भरा.

पाऊस लागल्यावर कूलर खिडकीबाहेर तसाच ठेवू नका. टाकी पुसून कोरडी करा आणि लाकडी भुशाच्या जुन्या ताट्या टाकून द्या. ‘४५ अंशांत चिलटं कशी टिकतात’ असंही लोक विचारतात. बाहेर ती मंदावतात, पण कूलरच्या खोलीत आपण त्यांच्यासाठी श्रावण करून ठेवलेला असतो.

१५. स्प्रे, कॉइल, रॅकेट, कापूर: यातलं काय चालतं?

स्प्रेने उडणारी मरतात, अंडी-अळ्या नाहीत. दोन दिवसांनी पुन्हा तेच. ओट्यावर आणि शेगडीजवळ तर नकोच, ते फवारे ज्वलनशील असतात. फवारल्यावर लगेच विजेची रॅकेट चालवणं त्याहून वाईट, तिच्या ठिणगीने भडका उडू शकतो. कापूर-लवंगेने चिलटं थोडी बाजूला सरकतात, इतकंच. टेबलफॅन मात्र खरंच उपयोगी. ती कमजोर उडणारी, झोतात टिकत नाहीत.

१६. खिडक्यांना डासांची जाळी आहे, तरी आत येतात.

नेहमीच्या जाळीचं छिद्र साधारण १.२ ते १.५ मिलिमीटर असतं, चिलटाची जाडी त्याहून कमी. जाळी डासांना थांबवते, चिलटांना फक्त उशीर करते.

१७. मुलांच्या डोळ्यांभोवती बारीक चिलटं घोंगावतात. डोळे येतात का त्याने?

येऊ शकतात. डोळ्यांवरची ही माशी वेगळी. तिला अश्रू, घाम आणि जखमेची लस हवी असते आणि एका डोळ्यावरून दुसऱ्यावर ती जंतू वाहून नेते. ती शेण आणि कुजलेला पाला मिसळलेल्या ओल्या सैल मातीत वाढते. घरात लोंबत्या दोऱ्या आणि वायरींवर रांगेने बसते, म्हणून न लागणाऱ्या दोऱ्या काढून टाका. मुलांचं तोंड वरचेवर धुवा, ज्याचे डोळे आले त्याचा टॉवेल वेगळा ठेवा, आणि दुकानातून थेंब आणण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

१८. आमच्याकडची चिलटं चावतात. मग?

मग ती वरच्यांपैकी कुठलीच नाहीत. फळांचं, कुंडीतलं आणि मोरीचं चिलट चावू शकत नाही. जमिनीलगत उड्या मारत फिरणारी, वाळूच्या रंगाची, बसल्यावर पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे उभे धरणारी, रात्री चावणारी असेल तर ती वाळूमाशी असू शकते. ती मोरीच्या माशीचीच चुलतबहीण, म्हणून गल्लत होते. मोरीची माशी पंख पाठीवर छपरासारखे पसरून बसते.

वाळूमाशीकडे दुर्लक्ष नको. चांदीपुरा विषाणू तिच्यामार्फत पसरतो आणि त्याचं नावच नागपूरजवळच्या चांदीपुरा गावावरून पडलं. १९६५ मध्ये तो तिथल्या रुग्णांत सापडला. ती मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठा आणि विटांच्या ढिगात राहते. भेगा लिंपा, शेण-कचरा घरापासून दूर न्या, झोपायला बारीक विणीची मच्छरदाणी वापरा. लहान मुलाला अचानक जोराचा ताप येऊन उलट्या, झटके किंवा गुंगी आली तर घरगुती उपचार न करता तडक रुग्णालय गाठा.

१९. पहिल्या पावसात दिव्याभोवती पंखवाले किडे येतात, सकाळी नुसते पंख पडलेले असतात. तीही चिलटंच?

नाही, ती वाळवीची पाखरं. बाहेरून आली असतील तर तासभर दिवे बंद ठेवा, बस. चौकटीतून किंवा भिंतीच्या फटीतून निघताना दिसली तर वाळवी घरातच आहे. फुटाळा, अंबाझरीसारख्या तलावांजवळ दिव्यावर झुंडीने जमणारे डासासारखे किडे प्रश्न १४ मधल्या लाल अळ्यांचेच मोठे रूप. खिडकीजवळ पांढऱ्याऐवजी पिवळा मंद दिवा लावा.

२०. सगळं केलं, महिना झाला, तरी आहेत. आता काय?

आधी मुदत तपासा. मूळ जागा साफ केल्यावर फळांची चिलटं दहा-बारा दिवसांत, मोरीच्या माशा दोन-तीन आठवड्यांत आणि कुंडीतली चार-पाच आठवड्यांत संपतात. कुंडीवाले तिसऱ्या आठवड्यात कंटाळून पुन्हा भरभरून पाणी घालतात आणि फेरा नव्याने सुरू होतो.

मुदत उलटूनही जी उरतात ती बहुधा कुबड असलेली, उडण्यापेक्षा पळणारी. ती दोन ठिकाणांहून येतात. एक, फॉल्स सीलिंगमध्ये किंवा माळ्यावर मेलेला उंदीर: वास संपल्यावरही आठवडाभर येत राहतात, उंदीर काढला की थांबतात. दोन, फरशीखाली फुटलेला सांडपाण्याचा पाइप. भिंत-फरशीच्या सांध्यातून, टाइलच्या फटीतून ती निघताना दिसतात आणि तिथली फरशी सतत दमट असते. फटीवर रात्रभर टेप लावा (प्रश्न ११ सारखीच). टेपवर सापडली तर पांढरं सिमेंट भरून फट बुजवू नका, ती शेजारच्या फटीतून निघतील. प्लंबरला बोलावून ती लाइन पाणी भरून तपासायला सांगा, आणि पाइप फुटका निघाला तर भोवतालची सांडपाण्यात मुरलेली मातीही उपसून नवी वाळू भरून घ्या. नुसता पाइप बदलला तर त्या मातीतून ती पुढे कितीतरी दिवस निघत राहतात.